जड हात

पानवाचक नावाचं यंत्र पोफळवणे गावात आलं ते आंब्यासाठी. हापूसच्या पेटीत भलताच आंबा भरून गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारायचा उद्योग इतका बोकाळला होता, की सरकारने शेवटी प्रत्येक बागायतदार सोसायटीला एकेक यंत्र देऊन टाकलं. मोबाइलपेक्षा जरा जाड, करड्या रंगाचं. नखाएवढा पानाचा तुकडा फटीत सारायचा आणि दहा मिनिटं थांबायचं. पानातला डीएनए उलगडून ते त्यातल्या काही हजार खुणा वाचायचं आणि झाडाचं कूळ सांगायचं. दोन झाडं सख्खी भावंडं असली तरी पुष्कळ खुणा वेगळ्या निघत. सगळ्याच्या सगळ्या जुळल्या तर समजायचं, की ही दोन झाडं नाहीतच. एकाच झाडाचे तुकडे आहेत, कलम करून नाहीतर कंद तोडून लावलेले. पहिल्याच हंगामात गावातल्या तीन बड्या मंडळींचा पिढीजात हापूस हापूस नसल्याचं निघालं, आणि यंत्र सोसायटीच्या कपाटात गेलं.

ते बाहेर काढायला लावलं दर्शना धुरीने. दर्शना छप्पन्न वर्षांची, नवऱ्यामागे पोफळीची बाग एकटीने सांभाळणारी बाई. श्रावणातल्या एका सकाळी ती तीन रुंद पानं गुंडाळून घेऊन सोसायटीत आली आणि सचिव गुरुदास गावकराच्या टेबलावर ठेवून उभी राहिली.

"दर्शनाताय, ह्या आंब्याचा यंत्र," गुरुदास म्हणाला. "तुझी ती आफ्रिकेची हळद हेका कशी कळतली?"

"कळली तर कळली. घाल."

आफ्रिकेची हळद हे गावाने ठेवलेलं नाव. खरं नाव कटेम्फे. पश्चिम आफ्रिकेत, घानाच्या आणि आसपासच्या दाट जंगलांत, मोठ्या झाडांच्या सावलीत ते जमिनीलगत पसरतं. जमिनीत कंदासारखं खोड, त्यातून सरळ वर आलेला लांब देठ आणि देठावर एकच मोठं पान. तिकडच्या बायका त्या पानात अन्न बांधून शिजवतात. पोफळवण्याच्या बायकांनी नागपंचमीला त्यात पातोळ्या उकडून पाहिल्या होत्या आणि हळदीच्या पानाची सर नाही असा निकालही देऊन टाकला होता. पण जगाला पान नको होतं, फळ हवं होतं. मातीला टेकून लागणारं लाल, तीन धारांचं फळ. त्यातल्या काळ्या बीच्या टोकाला जो मऊ गर असतो त्यात थॉमॅटिन नावाचं प्रथिन असतं, साखरेच्या दोन-तीन हजार पट गोड. साखरेवर तंबाखूसारखा कर बसला तेव्हापासून त्या फळाचा भाव केशराच्या वर गेला होता.

आणि दर्शनाच्या बागेत अकरा वर्षं पानंच पानं होती. फळ धरायचं ते वर्षातून एकदा, मधुपर्ण संशोधन केंद्राची माणसं येऊन फुलं हाताळून जायची तेवढंच. तिच्या स्वतःच्या हाताने एकही धरलेलं नव्हतं.

"वहाळाकडची झाडां आणि वरची झाडां येगळी आसत काय, ता बघूचा आसा. फळ कित्याक धरणा नाय ता तरी कळात," ती गुरुदासला म्हणाली. "एक पान खालचा, एक वरचा. तिसरा नदीपलीकडच्या गवसांच्या बागेतला."

दहा-दहा मिनिटं तीनदा गेली. गुरुदासने चष्मा पुसला, यंत्र पुसलं आणि पुन्हा वाचलं.

"तीनय पानां एकाच झाडाची आसत."

"तीन झाडांची आसत रे. मी स्वतः खुडलंय."

"माका सांगा नको. हेका सांग." त्याने यंत्र तिच्यापुढे सरकवलं.

मग गुरुदासलाही चेव आला. दोन दिवस तो सायकल मारत खोरंभर हिंडला आणि बावीस बागांतली पानं गोळा करून आला. बावीसच्या बावीस एक. त्यात नवल काहीच नव्हतं, नंतर विचार केला तर. पोफळवण्यात कुणी लावणीचा कंद मागितला तर नाही म्हणायची रीत नाही. हळद, आलं, सुरण, केळीचा मुनवा, मागेल त्याला द्यायचं आणि दिलेल्या रोपाचे आभार मानू द्यायचे नाहीत. दर्शनाला पहिलं झाड मिळालं, तिने कंद वाटले, घेणाऱ्यांनी पुढे वाटले. खोऱ्यात चार हजार झाडं आहेत असं सगळे अभिमानाने सांगत. चार हजार झाडं नव्हतीच. एकच झाड चार हजार ठिकाणी उभं होतं.

हळदीत, केळीत याने काही बिघडत नाही. तिथे आपल्याला कंद हवा असतो, नाहीतर परागाशिवायच वाढणारं फळ. कटेम्फेचं तसं नाही. त्याच्या फुलात एक ताणलेला दांडा असतो. किड्याने किंवा माणसाने त्याला स्पर्श केला की तो फटकन वळतो. त्या एका क्षणात येणाऱ्याच्या अंगावरचा पराग खरवडून घेतो आणि आपला पराग त्याला चिकटवतो. हे एकदाच. फुलाला दुसरी संधी नाही. आणि मिळालेला पराग आपलाच आहे असं फुलाने ओळखलं तर ते त्याला रुजू देत नाही. संध्याकाळी गळून पडतं. फळ धरायला पराग परक्या झाडाचा लागतो. ह्या खोऱ्यात परकं झाडच नव्हतं.

दर्शना सोसायटीच्या बाकावर बसून राहिली. गुरुदासने चहा मागवला, तो तिने घेतला नाही. तिला फळांचं काही वाटत नव्हतं. तिला आठवत होती एक बाटली.

पोफळवण्यात माणसाच्या हाताला गुण असतो असं मानतात. पानवेलीची पहिली लावणी, नव्या बागेतलं पहिलं रोप गुणाच्या हाताने लावून घेतात. लग्न होऊन आल्यापासून तो मान दर्शनाचा होता. लोक दोन-दोन गावांवरून बोलवायला यायचे, सुपारी ठेवून न्यायचे. नवरा वसंत थट्टेने म्हणायचा, की माझं लग्नही हिच्या हातानेच लागलंय, म्हणून टिकलंय.

कटेम्फे आणलं ते वसंताच्या मित्राने. डॉ. उदय मांजरेकर, कॉलेजपासूनचा सोबती, मधुपर्ण केंद्राचा प्रमुख. घानातून बिया आणल्या होत्या, त्यातलं एकच रोप जगलं आणि ते मी माझ्या वहिनीला देतोय, असं त्याने तिच्याच घराच्या पडवीत बसून सांगितलं होतं. पुढच्याच वर्षी वसंत गेला. उदय मात्र दर पंधरवड्याला येत राहिला, जेवून जात राहिला. बाई त्याला सख्ख्या दिराच्या जागी मानू लागली.

केंद्राची माणसं मऊ कुंचला एका पाण्यात बुडवून फुलांना लावत. उदय त्या पाण्याला खुराक म्हणे. "खुराक म्हणजे नुसता ओलावा, वहिनी. खरी करामत हाताची." दर्शनाने त्यांच्या हाताची हालचाल पाहून पाहून गिरवली. नारळाच्या हिराचं, झावळीतल्या काडीचं, टोक चावून कुंचला केला. फळ धरेना. मग तिने हट्टाने त्या खुराकाची बाटली मागून घेतली, आणि उदयने दिलीही. तीनशे फुलं तिने चिखलात गुडघे टेकून, श्वास रोखून हाताळली. तीनशेच्या तीनशे गळाली. उदय तिच्या शेजारी उकिडवा बसला होता. त्याने गळालेलं एक फूल उचललं, निरखल्यासारखं केलं आणि हळहळून म्हणाला, "तुमचो हात जड पडता, वयनी."

बाईने ते खरं मानलं. पुढे कुणी सुपारी घेऊन आलं की ती सांगायची, माझ्या हाताचा गुण गेला, दुसरीकडे बघा. थोड्या वर्षांत लोकांनी यायचं सोडलं. नवऱ्याच्या मरणात ती जितकी रडली नसेल तितकी ह्या गोष्टीसाठी रडली होती, आणि कुणाला सांगायचीही सोय नव्हती.

केंद्राच्या कुंचल्याने फळ धरायचं, म्हणजे परकं झाड केंद्रातच असणार. केंद्र टेकडीवर होतं. दर्शना न कळवता गेली, थेट मागच्या सावलीघरात. हिरव्या जाळीखाली सहा रांगा होत्या, प्रत्येक रांगेपुढे वेगळी पाटी. पाटीवर क्रमांक आणि त्याखाली एक नाव: अकोसुआ मेन्सा, बिया गोळा करणारी. पाचव्या रांगेत जमिनीलगत लाल फळं लगडली होती. तिने वाकून एकाला बोट लावलं.

"वयनी! तुमी कळवक व्हया होता, गाडी धाडली असती." उदय लगबगीने आत आला. साहेब एरवी बोलायचा पुस्तकी. मालवणीत शिरला की समजावं, काहीतरी अंगाशी आलंय.

"रोपां किती जगली हुती, भावजी?"

त्याने रांगांकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. खोटं बोलायची सोय उरली नव्हती. "सात."

"आणि माका एक दिलास."

"वहिनी, ऐकून घ्या." तो पुन्हा पुस्तकावर आला. "दोन दिली असती तर काय झालं असतं? तुम्ही वर्षभरात खोरंभर वाटली असती. तुमचा स्वभाव मला माहीत नाही? मग केंद्राची कुणाला गरज? इथे चाळीस माणसं कामाला आहेत, त्यांच्या घरात चूल पेटते. आणि ज्यांनी बिया दिल्या त्या घानातल्या बायकांना आपण वाटा कबूल केलाय. झाड हातचं सुटलं की तो वाटा कुणी दिला असता? मी कुलूप लावलं, एवढंच. तुम्हाला फळातला हिस्सा मिळतच होता ना?"

"फळाचा मी इचारूक नाय. बाटलीत काय होता?"

तो वाकून रांगेपुढची पाटी सरळ करू लागला.

"मी बाटली मागलंय. तुमी भरून दिलास. तेच्यात काय होता?"

"साखरपाणी," तो म्हणाला. "आमच्या खुराकात असतो तो ह्या झाडांचा पराग घातला असता तर तुम्हाला दुसऱ्याच दिवशी सगळं कळलं असतं."

"मगे नाय म्हणूचा होता. माझो हात कित्याक काढलास?"

उदयने खाली पाहिलं आणि चहा घेऊन जा म्हणाला. अकरा वर्षं ज्या माणसाला तिने सुरमई तळून वाढली, तो तिला चहा घेऊन जा म्हणत होता. दर्शना टेकडी पायी उतरली. तिला संताप आला होता आणि त्याहून जास्त लाज वाटत होती, आपण इतके बावळट कसे म्हणून.

पाटीवरचं नाव तिने लक्षात ठेवलं होतं. गुरुदासने त्या बायकांच्या मंडळाचा नंबर शोधला आणि सोसायटीच्या फोनवर दुभाषी चालू करून दिला. पलीकडे खिडकीत बसलेली, डोक्याला पिवळा रुमाल बांधलेली, दर्शनाच्याच वयाची बाई दिसली. ती आपल्या भाषेत बोलायची आणि फोन बातम्या दिल्यासारख्या शुद्ध मराठीत सांगायचा.

"आपण कोण बोलत आहात?"

"मी दर्शना. तुझी झाडां माझ्या बागेत आसत." फोनने मालवणी ऐकून क्षणभर विचार केला, मग सांगितलं असावं, कारण अकोसुआ खुर्चीवरून उठलीच.

"ती झाडे मृत झाली आहेत. एकही जगले नाही असे डॉक्टरांनी आम्हाला दहा वर्षांपूर्वी कळवले."

गुरुदासच्या तोंडून शिवी गेली. फोनने तीही इमानाने पलीकडे पोचवली असणार. म्हणजे वाट्याची गोष्टही थाप. ज्यांच्या नावाने कुलूप लावलं, त्यांनाही दाराबाहेरच ठेवलेलं.

"बियांबरोबर मी एक पत्र दिले होते," अकोसुआ म्हणत होती. "जी स्त्री लावील तिच्यासाठी. मी लिहिले होते की या बिया पाच वेगवेगळ्या आयांच्या आहेत. एका आईची लेकरे एकाच ठिकाणी लावू नका, मिसळून लावा. सावली ठेवा, पालापाचोळा काढू नका, बी उगवायला महिने लागतात, धीर धरा. ते पत्र तुला मिळाले नाही का?"

"नाय."

"मी दोन पावसाळे उत्तराची वाट पाहिली. मग म्हटले, गर्विष्ठ असेल बाई."

दर्शनाला हसू आलं आणि डोळे भरले. मग अकोसुआने विचारलं, आता काय करणार? दर्शना म्हणाली, पहिलं तुझं पत्र सगळ्यांना वाचून दाखवणार. तू ते परत सांग, हा गुरुदास लिहून घेतो.

पत्र सोसायटीच्या फळ्यावर लागलं. केंद्रातून चार दिवसांनी गाडी आली; सहा प्रकारची दोन-दोन रोपं कुंड्यांतून, फुलांवर आलेली, सोबत उदयची चिठ्ठी: 'वहिनी, घरातली गोष्ट घरात राहावी.' चिठ्ठीही तिने फळ्यावर लावली, पत्राच्या शेजारी. अकोसुआच्या मंडळाने रीतसर तक्रार केली, चौकशी बसली, केंद्राच्या दारावर नोटीस चिकटली. खोऱ्यात आठवडाभर दुसरा विषय नव्हता. लोक दर्शनाच्या पडवीत येऊन उदयला यथेच्छ शिव्या घालत आणि जाताना नव्या रोपांकडे चोरून बघत.

तिने एका सकाळी एकटीने हिराचं टोक चावलं. कुंडीतल्या झाडाचं फूल उघडून पराग घेतला आणि वहाळाकाठच्या आपल्या झाडाशी वाकली. दांडा फटकन वळला. अशी वीस फुलं केली. संध्याकाळी सहा गळाली. बाकीची चौदा तिसऱ्या दिवशीही जागेवर होती आणि त्यांच्या तळाशी हिरवी गाठ धरली होती. गाठी चाचपताना मातीने भरलेले हात तिने धुतले नाहीत. बराच वेळ ती ते हात उलटेपालटे करून बघत बसली. इतकी वर्षं ज्याला दोष दिला तो हात मुळात चांगलाच होता, हे कळल्यावर आनंद व्हायला हवा होता. तिला मात्र बांधापलीकडची सुहासिनी आठवली.

सुहासिनी म्हणजे तिची धाकटी जाऊ. दोघींच्या घरांमध्ये एक दगडी बांध. सहा वर्षं तो बांध दोघींनी ओलांडला नव्हता. सुहासिनीने दर्शनाकडूनच कंद नेले होते, जिवापाड जपले होते, आणि फळ धरत नाही म्हणून एक दिवस विचारायला आली होती, तू कसं करतेस ते मला दाखव. दर्शना तेव्हा त्याच दुखण्याने पोखरलेली. बागेत सुपारी सोलायला सात बायका बसल्या होत्या. त्यांच्यादेखत तिच्या तोंडून गेलं, "तुझ्या हाताक फळ धरूचा नाय." सुहासिनीला मूलबाळ नव्हतं. बायकांचे सोलणारे हात थांबले होते. सुहासिनी तशीच गेली आणि तिने आपली सगळी झाडं उपटून टाकली.

दर्शनाने दोन कुंड्या उचलल्या, दोन वेगवेगळ्या आयांच्या, आणि बांध ओलांडला.

सुहासिनी घरापुढच्या खळ्यात बसून झाडूसाठी हीर काढत होती. तिने मान वर केली, पण या म्हटलं नाही. दर्शनाने उभ्यानेच सगळं सांगितलं. यंत्र, एकच झाड, सात रोपं, साखरपाणी. सुहासिनीची सुरी चालूच होती.

"म्हंजे माझो हात जड नाय," ती शेवटी म्हणाली.

"नाय गो. कोणाचोच नाय. थंय कोणाच्याय हातान फळ धरूचा नाय होता."

"उदयान तुका फसवल्यान."

"होय."

"माका कोणी फसवल्यान?"

उदयचं नाव दर्शनाच्या ओठांवर आलं होतं. ते सोपं होतं, गावात सगळेच तेच घेत होते. पण उदय ह्या खळ्यात कधी आला नव्हता. सुहासिनीला तो शब्द त्याने सांगितला नव्हता.

"मी," दर्शना म्हणाली.

सुहासिनीने सुरी खाली ठेवली. "सात बायको होत्यो थंय. तेच्या मगे माका कोणी ओटी भरूक बोलवक नाय. लावणीक नाय, बारशाक नाय. मी समोरसून गेलंय तर पोरग्यांका आत घेत. तुका हात गेल्याचा दुख्ख झाला. माझा काय काय गेला ता तू इचारूकय येवक नाय."

"मी जावन सगळ्यांका सांगतंय. एकेकीच्या दारात जावन सांगतंय."

"सांग. ता तुझा काम."

दर्शना थांबली. आणखी काहीतरी म्हणावं, रडावं, पाय धरावेत असं तिला वाटलं. पण समोरच्या चेहऱ्यावर त्यातलं काही घ्यायची तयारी दिसत नव्हती. सुहासिनीने पुन्हा सुरी उचलली, झावळ पुढे ओढली. मग तिची नजर कुंड्यांवर गेली आणि तिथे जरा रेंगाळली.

"झाडां थंय ठेव," ती म्हणाली. "आणि तू जा."

दर्शनाने दोन्ही कुंड्या पागोळीच्या आत, सावलीत ठेवल्या आणि ती गेली.